कडेच्या चांदण्या

मी एका धडधाकट बाईला अर्धी आंधळी ठरवलं होतं. नुसतं तोंडी नाही. मशीनमधून कागद छापून काढला आणि खाली माझी लफ्फेदार सही ठोकली. आणि चूक कशानं झाली? मशीन ठीक होतं, वीजही गेली नव्हती. चूक झाली लुगड्याच्या एका काठानं. तो काठ माझ्या नाकासमोर लोंबत होता आणि मला दिसला नाही. डोळे तपासायचा पगार घेत होते मी! हसा, खुशाल हसा. माझी नात तर हा किस्सा आल्यागेल्याला सांगते आणि शेवटी टाळी मागते.

तेव्हाच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं शहरात यायचे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पांढरा कोट खरं तर दवाखान्यात पोचल्यावर घालायचा, पण मी गाडीतून उतरायच्या आधीच चढवायचे. नाहीतर फलाटावरच्या लोकांना कसं कळणार? खळ घालून तो इतका कडक केलेला असायचा की मी खुर्चीत बसले की कोट माझ्यानंतर बसायचा. खिशाला तीन पेनं, त्यातलं एक चालू. छातीवर नावाची पट्टी, आडनावासकट. पेशंटनी मला मॅडम म्हणावं अशी फार हौस होती. सगळे बाईच म्हणायचे. घरी तर कहर केला होता. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर बुद्धाच्या फोटोशेजारी ठोकलं. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "जरा खाली घे गं ते. त्यांच्या रांगेत बसायला अजून टाइम हाय तुला."

आता काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझा मूर्खपणा तुम्हाला नीट चाखता येईल.

डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण अक्षरं वाचताना आपण वापरतो ती मधली नजर, बोटाच्या नखाएवढी. बाकीचं सगळं आवार कोण बघतं? माझं खातं ते होतं. त्याला म्हणायचं दृष्टिक्षेत्राची तपासणी. दवाखान्यात सगळे नुसतं 'फील्ड' म्हणायचे. अर्ध्या कापून आडव्या केलेल्या मोठ्या पांढऱ्या रांजणासारखं मशीन. आत मंद, सारखा उजेड. पेशंटनं एका डोळ्यावर पट्टी लावायची, हनुवटी पट्ट्यावर टेकवायची, कपाळ पुढच्या पट्टीला लावायचं आणि रांजणाच्या मधोमध असलेल्या पिवळ्या दिव्याकडं टक लावून बघायचं. मग इकडं तिकडं बारीक उजेडाचे ठिपके क्षणभर चमकतात. कधी ठळक, कधी इतके फिके की दिसला की भास झाला तेही कळू नये. दिसला की हातातलं बटण दाबायचं.

सुरुवातीला मी "दिवा दिसला की दाबा" असं सांगायचे. लोक खऱ्या दिव्याची वाट बघत बसायचे. फिका ठिपका दिसला तरी, हा कुठं दिवा आहे, म्हणून सोडून द्यायचे. मग मी शब्द बदलला. "चांदणी चमकली की दाबा. शंका आली तरी दाबा." चांदणी म्हटल्याबरोबर पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना बरोबर कळायला लागलं. एक शब्द बदलला आणि लोकांची नजर सुधारली! हा शोध मात्र माझा स्वतःचा हं, त्याची फ्रेम कुणी केली नाही.

आणि त्या कागदावर काय उतरायचं म्हणता! आपला देवगिरीचा डोंगर आठवा. सपाट माळावर एकटाच उभा, कडे तासलेले. माणसाची नजर अगदी तशी असते. ऐन मध्यावर शिखर: तिथं फिक्यातला फिका ठिपका दिसतो. मध्यापासून जसजसं बाहेर सरकावं तसतसा डोंगर उतरत जातो. म्हणजे तोच ठिपका, तेवढ्याच उजेडाचा, मध्यावर लख्ख वाटतो, जरा कडेला नेला की मंद, आणखी बाहेर नेला की गायब. तो तिथं दिसायला हवा असेल तर त्याचा उजेड वाढवावा लागतो. नाकाच्या बाजूला कडा एकदम तुटतो, कारण नाक आडवं येतं. वर भुवईचा छज्जा. कानाच्या बाजूला मात्र उतार लांबच लांब. आणि त्या उतारावर एक खोल विहीर आहे, जिथं कितीही ठळक ठिपका टाका, दिसायचा नाही. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात असते. खोटं वाटतं? एका कागदावर चार बोटांच्या अंतरानं दोन टिकल्या लावा. डावा डोळा झाका, उजव्यानं डावीकडच्या टिकलीकडं बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. एका जागी उजवीकडची टिकली गुडूप! मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा ओरडलेच. तिथं भोक दिसत नाही, काळा डाग दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा पांढरा कागद घेऊन ठिगळ लावून टाकतो, आणि शिवणसुद्धा दिसू देत नाही. या ठिगळाचं लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

अंधार पडला की हा डोंगर आणखी गंमत करतो. ऐन शिखरावरच खड्डा पडतो! परवा गच्चीवर दिवेलागणीनंतर नात म्हणाली, "आजी, ती बारीक चांदणी बघायला गेलं की पळून जाते." मी म्हटलं, "तिच्याकडं बघू नकोस. तिच्या बाजूला बघ." तिनं नजर जरा वळवली आणि किंचाळली, "आली!" फिकी चांदणी अंधारात सरळ बघणाऱ्याला दिसत नाही, कडेनं बघणाऱ्याला दिसते. मला अजूनही हे सांगताना अंगावर काटा येतो. एवढी करामत दोन डोळ्यांत घेऊन आपण फिरतो आणि वापर कशाला करतो, तर शेजारणीनं नवी साडी घेतली का ते बघायला!

गिऱ्हाइकंही एकेक भेटायची. एक निवृत्त फौजदार सरळ बसून बटण दाबतच सुटले. चांदणी असो नसो, टकटक टकटक. म्हटलं, "साहेब, काही चमकत नाहीये." तर म्हणाले, "संशयितांना सोडायची आपल्याला सवय नाही." गुलमंडीतल्या एका चुडीवाल्या चाचींना उलट राग आला. "क्या मस्करी लगाई बाई? दिखता बी नै, छुपता बी नै! सामने आ बोल उसकू!" मी सांगितलं, "चाची, सामने नै आता वो, बाजूमेंच खेलता." मग त्या खुशीत आल्या आणि दर चांदणीला "पकड्या!" म्हणून बटण दाबू लागल्या. त्यांच्याइतका नीट कागद त्या महिन्यात कुणाचा आला नाही.

आता येते कमल.

कमल वैजापूरकडच्या एका खेड्यातली सून, विशीतली. सारखं डोकं दुखायचं म्हणून वैजापूरच्या डॉक्टरांनी तपासलं, तर डोळ्यातला दाब जरा काठावर निघाला. तिच्या आईची नजर काचबिंदूनं गेलेली. हा आजार पिढीतून पुढं सरकतो, म्हणून त्यांनी फील्डसाठी आमच्याकडं धाडलं. नवरा लष्करात, लांब सरहद्दीवर; बरोबर सासरे आलेले. आणि वेळ अशी की कमलला शेजारच्या गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक मिळालेली. नवऱ्यानं सुट्टीत आल्यावर जाण्यायेण्याला एक जुनी मोपेड घेऊन दिली होती. शाळा सुरू व्हायला थोडे दिवस राहिलेले. नंबर लावून बसली असताना मला हे सगळं तिनंच सांगितलं, हळू आवाजात, पण डोळ्यांत मोपेड चालू झालेली.

सासरे म्हणजे पांढरं धोतर, पांढरा फेटा, बाकड्यावर खांबासारखे ताठ. कमल त्यांना मामंजी म्हणायची, मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागले. मी त्यांच्या बाजूनं गेले आणि हात जोडून म्हटलं, "नमस्कार." उत्तर नाही. मान हलली नाही, पापणी हलली नाही. मी कोटावरच्या नावाच्या पट्टीकडं बघितलं आणि मनात म्हटलं, आडनाव वाचलेलं दिसतंय. असे अनुभव मला नव्हते असं नाही. होते, भरपूर होते. त्यामुळं मला जरासुद्धा शंका आली नाही. रागानं माझा कोट आणखी कडक झाला.

"चला कमलबाई," मी म्हटलं. मामंजीही उठले. "सून एकटी अंधाऱ्या खोलीत? मी बी बसतो." मी काय बोलणार! बसा म्हटलं. ते कोपऱ्यात बसले, आणि कमलनं सवयीनं पदर ओढून घेतला, पार भुवईच्या पुढं. मी रागात आणि घाईत. तिच्या एका डोळ्यावर पट्टी चिकटवायची, तर तीसुद्धा मी पदराखालून हात घालून चिकटवली! पदराखालून! निसर्गानं याहून मोठी खूण काय द्यावी? पण नाही. कोटाला खळ होती, डोक्याला नव्हती. मशीनच्या पडद्यावर मला तिचं बुबुळ नीट दिसत होतं, नजर हलत नव्हती, मी खूश. लुगड्याचा काठ तिच्या भुवईपुढं छपरासारखा उभा होता आणि वरच्या चांदण्या त्या छपरामागं चमकून विझून जात होत्या.

कागद आला: दोन्ही डोळ्यांचा वरचा भाग काळाकुट्ट. देवगिरीचा अर्धा डोंगर कुणी तासून नेलेला.

आमचे डॉक्टर कागद बघून चपापले. "दोन्ही डोळ्यांत वरचं सगळं गेलंय? या वयात? तपासणी नीट घेतलीस ना?"

आणि मी, तीन पेनांची मालकीण, काय म्हणाले? "सर, मशीन कधी चुकत नाही."

"मग मेंदूचा फोटो काढावा लागेल," ते म्हणाले. "ऑपरेशनं आटोपून येतो, मग लिहून देतो. थांबवून ठेव त्यांना."

बाहेर आल्यावर मामंजींनी विचारलं, "वरचं दिसत नाय म्हंजी? रस्त्यात फांदी आडवी आली तर डोसक्यात?"

"तसंच म्हणायचं," मी म्हटलं.

"मग झालं तर. शाळा बंद. फटफटी उद्याच्याला इकून टाकतो. हातपाय मोडून घेन्यापरीस घरात ऱ्हाईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त निकाल ऐकू आला. कमलच्या पदराचा काठ तेवढा थरथरला.

मी दुपारी डबा खायला मागच्या आवारात गेले. तिथं कडुलिंबाचं मोठं झाड आणि झाडावर कावळ्यांची शाळा. कमल झाडाखाली उभी होती, एकटी. मामंजी चहाला गेलेले, म्हणून पदर खांद्यावर उतरलेला. ती समोर लावलेल्या कुणाच्यातरी मोपेडकडं बघत होती. एकटक. तेवढ्यात वरच्या फांदीवरून एका कावळ्यानं प्रसाद सोडला. आणि कमलनं वर न बघता, मानसुद्धा न हलवता, एक पाऊल बाजूला घेतलं! प्रसाद तिच्या चपलेजवळ पडला. ती मोपेडकडंच बघत होती.

माझा घास तोंडातच राहिला. वरचं दिसत नसलेल्या बाईनं वरून येणारी वस्तू चुकवली कशी? कडेची नजर फिके ठिपके कमी टिपते, पण हललेलं काही असलं की मधल्या नजरेच्या आधी जागी होते. तिचं कामच ते. म्हणजे तिचा वरचा भाग जागा होता!

तेवढ्यात फाटकातून मामंजी येताना दिसले आणि कमलनं दुकानाचं शटर ओढावं तसा पदर खाडकन भुवईपुढं ओढला.

माझ्या डोक्यातलं शटर मात्र त्याच क्षणी वर गेलं.

मी डबा तसाच टाकून पळाले. "चला, पुन्हा करायचंय. आत्ताच." मामंजी मागं आलेच. आता यांना बाहेर कसं काढायचं? 'तुमच्यामुळं तिचा पदर उतरत नाही' असं तोंडावर सांगितलं असतं तर कमलच्या घरी त्याचं काय झालं असतं कुणास ठाऊक. मी सगळ्यात गंभीर चेहरा केला. "आबा, तुमचा फेटा आणि धोतर फार पांढरं आहे. अंधारात ते चमकतं आणि मशीनला दोन जास्तीच्या चांदण्या दिसतात."

"असं का?" ते लगेच उठले. धोतराचं कौतुक झालं म्हणून जरा खूशही दिसले. आणि दाराकडं जाताना बाजूच्या स्टुलाला धडकले. स्टूल आडवं झालं. पुढं दाराच्या चौकटीला खांदा लागला.

"मामंजी, डाव्या अंगाला," कमल म्हणाली, अगदी सवयीच्या आवाजात.

दार लागलं. मी म्हटलं, "पदर खाली घ्या." तिनं दाराकडं बघितलं. "घ्या हो. इथं मी आहे आणि मशीन आहे, आणि मशीन कुणाच्या घरचं नाही." तिनं पदर उतरवला. मी माझ्या केसातली पिन काढून तो मागं खोचून टाकला.

मग चांदण्या सुरू झाल्या. वरच्या, खालच्या, कडेच्या. दिसली की टक, दिसली की टक. ती भराभर टिपत होती आणि माझ्या पडद्यावर डोंगर दगड दगड करून उभा राहत होता. शिखर, उतार, नाकाकडचा कडा, विहीर, सगळं जागच्या जागी! मी खुर्चीतून उठून उभी राहिले. "कमलबाई, तुमचा देवगिरी शाबूत आहे!"

"म्हंजी?"

"म्हणजे तुमच्या डोळ्याला काही झालेलं नाही. मीच गाढव. मी पदर तपासला, डोळे तपासलेच नाहीत."

ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. "म्हंजी फटफटी चालवता यील?"

"विमान चालवा."

पण माझ्या डोक्यात ते स्टूल पडून होतं. मी विचारलं, "मामंजी असे धडकतात नेहमी?"

"लई दिसापासनं," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणून मी त्यांच्या मागं नाय चालत, बाजूनं चालते. गावात लोक म्हणत्यात, आबाला गर्व आला, रस्त्यानं रामराम घातला तर घेत नाय. पण तसं नाय हो बाई, मानूस चांगलं हाय. अन् माझी फटफटी सोता चालवत्यात, तवा तर मी जीव मुठीत धरून बसते."

रामराम घेत नाही. माझा सकाळचा नमस्कार मला आठवला. मी बाजूनं घातला होता.

बाहेर जाऊन मी म्हटलं, "आबा, तुमचीही एकदा तपासणी करू."

"मला काय झालंय? मला समदं दिसतं. ते बघा, त्या पाटीवरचं बारीक अक्षर वाचू का?" आणि वाचलं की त्यांनी! मधलं शिखर लख्ख.

इथं माझ्यातली आगाऊ पोरगी कामाला आली. मी म्हटलं, "तसं नाही. सुनेचा कागद बरोबर आला की नाही हे ताडून बघायला घरातल्या एका चांगल्या नजरेच्या माणसाचा कागद लागतो."

"मंग घ्या की," ते म्हणाले, फेटा काढून सुनेच्या हातात देत. मी खोटं बोलले, कबूल. त्या खोट्याची मला लाज वाटत नाही.

ते मशीनपुढं बसले. कमल मागं उभी राहिली, पदर पुन्हा डोक्यावर, पण आता काठ मागं. मध्यावर चांदण्या आल्या: टक, टक. मग मशीननं कडेला जायला सुरुवात केली. चांदणी चमकली. शांतता. आणखी ठळक चमकली. शांतता. मागं उभ्या असलेल्या कमललाही रांजणातले ठिपके दिसत होते; दर चांदणीला तिचा अंगठा हवेतच दाबला जात होता. सगळ्यात ठळक, खोलीत उजेड पडेल असा ठिपका चमकला आणि विझला. बटण वाजलं नाही.

बऱ्याच वेळानं मामंजी म्हणाले, "बाई, मशीन बंद पडलं का?"

कमलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही आबा. चालू आहे. बघत राहा."

त्यांच्या कागदावर डोंगर उरला नव्हता, एक सुळका उरला होता. काचबिंदू असाच येतो, बाहेरून आत, गपचूप. मी सांगितलं होतं ना, ठिगळाचं लक्षात ठेवा म्हणून? मामंजींना कडेला काळं दिसत नव्हतं. मेंदू ठिगळं लावत होता आणि ते म्हणत होते, मला समदं दिसतं. खोटं बोलत नव्हते ते.

डॉक्टरांनी दाब मोजला, भलताच चढलेला. त्यांनी मामंजींना नीट समजावलं: गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी राखता येईल, रोज न चुकता, जन्मभर; आणि फटफटी आजपासून बंद. मामंजी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हंजी रस्त्यानं जे रामराम घालत व्हते..."

"ते तुम्हाला दिसतच नव्हते," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सगळी मान वळवून खोलीत शोधलं, आणि मी सापडले. "बाई, सकाळी तुम्ही काय बोलला व्हता माझ्याशी? आवाज आला व्हता. मला वाटलं, दुसऱ्या कुनाला."

"नमस्कार म्हटलं होतं."

त्यांनी हात जोडले. "घ्या. तुमचा माझ्याकडं ऱ्हायला व्हता." मीही पुन्हा हात जोडले. कोटाची खळ त्या दिवशी जी गेली ती परत घालायची हौस राहिली नाही.

मग ते सुनेकडं वळले. "सूनबाई, थेंब आनायला महिन्याच्या महिन्याला वैजापूरला कोन नेनार मला?"

"मी नेते की मामंजी," कमल म्हणाली. "फटफटी इकली नाय तर."

ते फेटा बांधत राहिले. "बघू," म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या खोलीत पेशंटशिवाय कुणाला प्रवेश नव्हता, आणि टेबलावर पिनांचा डबा कायम. पदर, फेटा, टोपी, ओढणी, नकाब, सगळं आधी मागं. पण त्याच्या आधी किती जणींचे पदर मी डोळे समजून छापले असतील? तो विचार मला अजून टोचतो. खोटे काळे कागद घेऊन कुणाकुणाच्या घरी काय काय बंद झालं असेल, ते मला कधीच कळणार नाही. प्रत्येकीसाठी काही वरून कावळा येत नाही.

काही महिन्यांनी ते दोघं पुन्हा तपासणीला आले. गावापासून वैजापूरच्या स्टँडपर्यंत मोपेड, तिथून एसटी. कमल शाळेत रुजू झालेली, उन्हानं रापलेली, झकास दिसत होती. मामंजींचा कागद आधीसारखाच: कडा गेलेल्या त्या गेल्या, पण सुळका जराही झिजलेला नाही. मी आनंदानं टाळीच वाजवली. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी धडाधड वाचून दाखवली. नाकासमोरचं इतकं बारीक मलाही दिसत नव्हतं.

"मग आबा, कसं काय चाललंय फटफटीवर?" मी विचारलं. "कुठं बसता?"

"कुठं म्हंजी? तिच्या मागं," ते म्हणाले. "तिच्या पाठीला नाक लावून." कमल बाहेर औषधाच्या खिडकीशी उभी होती. त्यांनी सगळी मान वळवून ती लांब असल्याची खात्री करून घेतली, माझ्याकडं वाकले आणि म्हणाले, "बाई, गावात लोक सांगत्यात, फटफटीवर सूनबाईचा पदर उडून पार खांद्यावर येतो म्हनून. येत आसंल. मला कडंचं दिसत नाय, तुमच्याच मशीननं सांगितलंय."